‘परफेक्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

दादरच्या टेलरकडे ब्लाउज घालून बघितला की बाई म्हणते, ‘परफेक्ट बसलाय!’ पोह्यांत मीठ परफेक्ट पडतं. कधीमधी लोकलचं टायमिंगसुद्धा परफेक्ट असतं. या तिन्ही ठिकाणी ‘परिपूर्ण’ घालून बघा, टेलरही हसेल. तरी कोशांत आणि सरकारी कागदांत वर्षानुवर्षं हाच प्रतिशब्द पुढे केला जातो.

इंग्रजीत हा शब्द लॅटिनमधून जुन्या फ्रेंचच्या वाटेने आला. तेव्हा त्यात ‘क’ नव्हता, उच्चार ‘पार्फिट’च्या जवळचा होता. पुढे लॅटिनच्या धाकाने स्पेलिंगमध्ये ‘क’ परत घुसवला आणि मग तो उच्चारातही आला.

खरा गुंता अर्थाचा आहे. लॅटिन क्रियापद सांगतं ‘तडीस नेणं, शेवटपर्यंत करणं’. ‘निर्दोष’ ही छटा त्यावर नंतर चढली. जुना अर्थ व्याकरणात टिकून आहे: ‘मी जेवलो आहे’ या काळाला इंग्रजीत परफेक्ट म्हणतात, मराठीत पूर्ण. भाजी खारट होती की अळणी, याच्याशी त्या काळाला देणंघेणं नाही. जेवण उरकलं, बस्स.

आता ‘परिपूर्ण’ घ्या. त्यातला ‘परि’ आणि लॅटिन शब्दातला ‘पर’ ही लांबची भावंडं, त्यामुळे जोडी जमल्यासारखी वाटते. पण ‘पूर्ण’ म्हणजे मुळात भरलेलं, आणि परफेक्ट म्हणजे केलेलं. घागर परिपूर्ण होऊ शकते, ब्लाउज कसा होणार? माझ्या मते ही निवडच चुकली. ‘सिद्ध’ जास्त जवळचा होता, पण तो साधुसंतांकडे गेला. गाणाऱ्यांचा ‘तयार’ तर अगदी नेमका: गळा तयार आहे म्हणजे मेहनत मुरली आहे. बोलण्यात ‘बरोब्बर’, ‘चोख’, ‘बिनचूक’ होतेच, त्यांना कोशाने दुय्यम ठेवलं.

मुंबईत या शब्दाला आणखी वजन आलं ते डबेवाल्यांमुळे. १८९० च्या सुमाराला सुरू झालेल्या या व्यवस्थेवर १९९८ साली एका अमेरिकी नियतकालिकात लेख आला आणि ८० लाख डब्यांमागे एक चूक हा आकडा जगभर गेला. पुढे सांगणाऱ्यागणिक तो कधी ६० लाख, कधी १ कोटी ६० लाख असा बदलत गेला. सोबत ‘सिक्स सिग्मा’ या चुका मोजण्याच्या पद्धतीचं बिरुद चिकटलं, जणू कुणी प्रमाणपत्रच दिलं! नियतकालिकं अशी प्रमाणपत्रं देत नाहीत. शिवाय हिशोब करून बघा. अमेरिकेतल्या कारखान्यांत १९८० च्या दशकात रुजलेली ही मोजणी १० लाखांमागे ३.४ चुका चालवून घेते, म्हणजे ८० लाखांमागे २७ च्या वर. लेखातला आकडा खरा धरला तर बिरुदाने डबेवाल्यांना खालीच ओढलं. आणि दोन्हीकडे चूक शून्य नाहीच, तरी मॅनेजमेंटच्या व्याख्यानांत शब्द एकच, परफेक्ट.

डबेवाल्यांची स्वतःची कसोटी मात्र लॅटिनवाल्यांची आहे. चर्चगेटला उतरलेला डबा साहेबाच्या टेबलावर वेळेत पोचला की काम झालं. आतली भाजी खारट निघाली, तर ती त्यांच्या चुकांत धरत नाहीत.