लिम्फोमावरील इम्युनोथेरपी

रुग्णाच्या प्रतिकारशक्तीकरवी लिम्फोमाच्या (लसिका संस्थेतील पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाच्या) पेशी ओळखून नष्ट करण्याच्या उपचारांना इम्युनोथेरपी म्हणतात. बी-पेशींच्या (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) लिम्फोमात सीडी20 आणि सीडी19 या पृष्ठभागावरील प्रथिनांवर नेम धरला जातो. निरोगी बी-पेशींवरही ही प्रथिने असल्याने त्याही मरतात. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींवर मात्र ती नसतात, म्हणून नव्या बी-पेशी काही महिन्यांनी पुन्हा तयार होऊ लागतात.

सर्वाधिक वापरले जाणारे औषध रिटुक्सिमॅब; ते सीडी20 ला चिकटते. अमेरिकेत त्याला 1997 मध्ये मान्यता मिळाली. नेहमीची मात्रा शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला 375 मिलिग्रॅम असते आणि ते बहुधा केमोथेरपीच्या जोडीने देतात. खरी काळजी पहिल्या सलाइनच्या वेळी घ्यावी लागते. आधी पॅरासिटामॉल आणि अँटिहिस्टामिन देऊन तासाला 50 मिलिग्रॅमने सुरुवात करतात आणि त्रास नसेल तर दर अर्ध्या तासाला 50 ने वेग वाढवत 400 पर्यंत नेतात. थंडी वाजणे, पुरळ, दम लागणे किंवा रक्तदाब उतरणे दिसले की सलाइन थांबवायचे आणि लक्षणे पूर्ण गेल्यावर निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करायचे. रक्तात फिरणाऱ्या लिम्फोमा पेशी जितक्या जास्त, तितकी ही प्रतिक्रिया तीव्र असते. पहिल्या डोसने त्या कमी होतात, म्हणून पुढचे डोस सहसा सोपे जातात.

पहिल्या डोसआधी हिपॅटायटिस बीची तपासणी टाळता कामा नये. एचबीएसएजी (सध्याचा संसर्ग दाखवणारी चाचणी) निगेटिव्ह आले म्हणून थांबू नये, अँटी-एचबीसीही (पूर्वी होऊन गेलेला संसर्गही दाखवणारी चाचणी) पाहावे. जुना, दबलेला विषाणू बी-पेशी नाहीशा झाल्यावर उसळतो आणि यकृत निकामी करू शकतो.

कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी (रोगट पेशी मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) यंत्राने वेगळ्या काढून प्रयोगशाळेत त्यांना सीडी19 ओळखून त्याला चिकटणारे रिसेप्टर बसवतात. पेशी तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर आजार आवरायला वेगळे औषध द्यावे लागू शकते. पेशी शरीरात सोडण्याआधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोथेरपीची औषधे देऊन त्यांच्यासाठी जागा करतात. नंतरच्या दिवसांत ताप आला तर तो सायटोकाइन वादळाचा (प्रतिकारशक्तीच्या संदेशवाहक प्रथिनांचा एकदम पूर येण्याचा) असू शकतो आणि संसर्गाचाही, म्हणून दोन्हींची तजवीज एकदमच करतात. वादळावर टोसिलिझुमॅब देतात, किलोला 8 मिलिग्रॅम, एका वेळी 800 पेक्षा जास्त नाही. मेंदूवरील परिणाम ओळखण्याची रीत साधी आहे: रुग्णाकडून रोज एक वाक्य लिहून घेतात आणि शंभरपासून दहादहाने उलटे मोजायला सांगतात. काल नीट असलेले अक्षर आज वेडेवाकडे आले, तर गोंधळ उघड होण्याआधीच डॉक्टर सावध होतात. मेंदूवरील या परिणामावर टोसिलिझुमॅबचा फारसा उपयोग नसतो, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड लागते.

आजार उलटला तर शक्यतो पुन्हा बायोप्सी करावी, कारण पेशींनी सीडी19 टाकून दिलेले असू शकते.

हॉजकिन लिम्फोमात कर्करोगाच्या पेशी पीडी-एल1 या आपल्या पृष्ठभागावरील प्रथिनाच्या आधारे टी-पेशींना रोखून धरतात; निव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब तो अडसर काढतात. त्यातून प्रतिकारशक्ती फुप्फुस, आतडे किंवा थायरॉइडवरही उलटू शकते, कधी उपचार संपल्यावर महिन्यांनी. नवा कोरडा खोकला किंवा न थांबणारे जुलाब लगेच कळवावेत. हॉजकिनच्या पेशींवरील सीडी30 या प्रथिनावर काम करणारे ब्रेन्टुक्सिमॅब व्हेडोटिन हात-पायांना मुंग्या आणते. फुप्फुसांना इजा होत असल्याने ते ब्लिओमायसिन या केमोथेरपीच्या औषधाबरोबर कधीही देत नाहीत.

बी-पेशी संपलेल्या काळात जिवंत विषाणूंच्या लसी घेऊ नयेत. वारंवार संसर्ग होत असल्यास रक्तातील आयजीजी (संसर्गाशी लढणारी प्रतिपिंडे) मोजतात आणि ते फार उतरले असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (बाहेरून मिळालेली प्रतिपिंडे) देतात.