सायटिका (गृध्रसी)

सायटिका : कंबरेत किंवा नितंबात उठून मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीपर्यंत आणि पुष्कळदा पावलाच्या बोटांपर्यंत उतरणारी कळ. शरीरातील सर्वांत जाड व लांब अशा सायटिक तंत्रिकेवर (नसेवर), किंवा ती ज्या मुळांपासून तयार होते त्या मुळांवर, दाब आल्याने अथवा तेथे दाह झाल्याने ही कळ येते. सायटिका हे रोगाचे नव्हे, लक्षणाचे नाव आहे. कोणती नस दुखावली एवढे त्यावरून कळते, ती कशाने दुखावली हे वेगळे शोधावे लागते. रोजच्या बोलण्यात ‘नस दबली’ किंवा ‘पायात चमक जाते’ असे म्हणतात, ते वर्णन अचूकच आहे. मात्र उसण भरणे ही गोष्ट निराळी. उसणीत कंबरेचे स्नायू आखडतात, दुखणे कंबरेतच राहते आणि बहुधा काही दिवसांत ओसरते. पायाळू माणसाने पाय लावला की उसण जाते ही समजूत टिकून राहिली त्याचे कारणही उसणीच्या या आपोआप ओसरण्यात असावे. पायात कळ उतरत असताना मात्र कंबर तुडवून घेणे किंवा झटका देऊन ‘मणका बसवून’ घेणे धोक्याचे ठरू शकते.

कंबरेचे चौथा व पाचवा मणका आणि त्यांखालची त्रिकास्थी (कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड) यांच्या पातळीवरून निघणारी पाच मुळे (कंबरेचे चौथे म्हणजे एल-4 ते त्रिकास्थीचे तिसरे म्हणजे एस-3) एकत्र येऊन ही तंत्रिका बनते. सुरुवातीला ती साधारण अंगठ्याएवढी रुंद असते. नितंबातील पिरिफॉर्मिस या स्नायूखालून ती बाहेर पडते, मांडीच्या मागून उतरते आणि बहुधा गुडघ्याच्या थोडे वर दोन शाखांत विभागते. यामुळेच बिघाड कंबरेत असूनही माणूस पोटरी चोळत बसतो.

या दुखण्याची ओळख जुनी आहे. चरकसंहितेत वातव्याधींमध्ये गृध्रसीचे वर्णन आहे आणि त्यात नितंबापासून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी व पाऊल असा वेदनेचा क्रमही दिला आहे. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा लचकत चालतो, यावरून हे नाव पडले असे सांगतात. नेपल्स येथील वैद्य दोमेनिको कोतुन्यो यांनी 1764 मध्ये ही व्यथा सांध्याची नसून तंत्रिकेची आहे असे मांडले. तरीही मूळ कारण हाती लागायला 1934 साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी मणक्यांमधली फुटलेली चकती मुळावर दाब आणते हे शस्त्रक्रियेच्या आधारे दाखवून दिले.

दोन मणक्यांमधील चकतीला लोक ‘गादी’ म्हणतात. तिच्या मध्यभागी मऊ, पाणीदार गर असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंची कडी असते. कडी झिजून चिरली की गर मागे सरकतो आणि शेजारून जाणाऱ्या मुळाला टेकतो. नुसता दाबच कळ आणतो असे नाही. गरातील द्रव्यांमुळे मुळाला दाह होतो आणि सुजलेले मूळ थोड्याशा ताणानेही ठणकू लागते. दहापैकी नऊ वेळा हा प्रकार कंबरेच्या शेवटच्या दोन चकत्यांमध्ये घडतो. सरकलेला गर शरीर पुढे हळूहळू शोषून घेते आणि त्यात मोठा, पूर्ण सुटलेला तुकडा लहान फुगवट्यापेक्षा अधिक वेळा विरघळतो, ही गोष्ट रुग्णांना ऐकून खरी वाटत नाही.

दुखणे पुन्हा पुन्हा का येते याचे उत्तरही चकतीतच आहे. प्रौढ माणसाच्या चकतीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे चिरलेली कडी फार सावकाश भरते आणि भरली तरी पूर्वीइतकी चिवट राहत नाही. कळ मात्र बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरते. कळ गेली म्हणजे कंबर बरी झाली असे समजून माणूस पूर्वीच्याच पद्धतीने वाकू-उचलू लागतो, आणि मग एखाद्या सकाळी न्हाणीघरात भरलेली बादली बाजूला सरकवताना किंवा बेसिनवर वाकून चूळ भरताना शिंक आली की पायात पुन्हा वीज चमकते. सकाळची वेळ येथे योगायोगाची नसते. रात्री आडवे असताना चकत्या पाणी शोषून फुगतात (माणूस सकाळी सेंटिमीटरभर उंच भरतो तो यामुळेच) आणि अशा फुगलेल्या चकतीवर वाकताना ताण अधिक येतो.

चकतीशिवाय इतरही कारणे आहेत. उतारवयात मणक्यांची नळी अरुंद झाली की थोडे चालल्यावर पाय भरून येतात आणि बसल्यावर किंवा पुढे झुकल्यावर बरे वाटते. अशा माणसाला चालणे जमत नाही, पण सायकल चालवता येते. मणका पुढे घसरणे, पिरिफॉर्मिस स्नायूखाली तंत्रिका आवळली जाणे, मागच्या खिशातल्या जाड पाकिटावर तासन्‌तास बसणे यांनीही कळ येते. आपल्याकडे आणखी दोन गोष्टी विसरून चालत नाहीत : मणक्याचा क्षय आणि नितंबात चुकीच्या जागी दिलेले इंजेक्शन. दुसऱ्या प्रकारात सुई टोचताच पायात आग उतरते आणि क्वचित पाऊल कायमचे लुळे पडते. म्हणून नितंबात इंजेक्शन द्यायचेच असेल तर ते वरच्या, बाहेरच्या चतुर्थांशात देतात.

निदान मुख्यतः विचारपूस आणि तपासणीवर होते. रुग्णाला उताणे झोपवून डॉक्टर त्याचा पाय गुडघ्यात न वाकवता टाचेला धरून वर उचलतात. साधारण 30 ते 70 अंशांच्या दरम्यान नेहमीची कळ गुडघ्याखाली उतरली तर मूळ ताणले जात असल्याची ती खूण असते. ही चाचणी लासेग या फ्रेंच वैद्यांच्या नावाने ओळखली जाते. मग टाचांवर आणि चवड्यांवर चालायला सांगतात. कंबरेच्या पाचव्या मुळावर दाब असेल तर पावलाचा वरचा भाग व अंगठा बधीर होतो आणि टाचेवर चालताना पाऊल खाली पडते. त्याखालच्या मुळावर दाब असेल तर करंगळीकडील कडेला मुंग्या येतात, चवड्यावर उभे राहता येत नाही आणि घोट्यामागची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते.

एमआरआयचा क्रम यानंतरचा. अमेरिकेत 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या 98 लोकांची एमआरआय तपासणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या निदान एका चकतीला फुगवटा आढळला. ‘मणक्यात गॅप पडली आहे’ हे वाक्य ऐकून आयुष्यभर वाकणे सोडून देणारी माणसे पाहिली की, फोटोचा अहवाल तपासणीशी जुळवून न वाचता रुग्णाच्या हाती देणे हेही एक नुकसानच आहे असे म्हणावे लागते. मात्र लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, खोगिरावर बसल्यावर टेकेल तेवढा भाग बधीर होणे किंवा दोन्ही पायांची शक्ती कमी होत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मणक्याच्या नळीत घोड्याच्या शेपटीसारखा असलेला तंत्रिकांचा जुडगा दबल्याची ही लक्षणे असतात आणि त्यात शस्त्रक्रियेला उशीर झाल्यास हानी कायमची राहू शकते. पाऊल पडू लागणे, ताप, वजन घटणे, रात्री आडवे पडूनही न थांबणारी वेदना किंवा पूर्वी झालेला कर्करोग असल्यासही तपासणी लांबवू नये.

ऐन कळेत पूर्वी आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगत. नेदरलँड्‌समधील 1999 च्या चाचणीत दोन आठवडे पडून राहिलेल्यांना न राहिलेल्यांपेक्षा काहीच अधिक लाभ झाला नाही. आता सोसेल तितके उठून चालावे, फार झाले की गुडघ्यांखाली उशी घेऊन थोडा वेळ पडावे आणि खाली मऊ आसनावर वाकून बसणे टाळावे असे सांगतात. शेकाने आणि डॉक्टरांनी बेताने दिलेल्या वेदनाशामकांनी दिवस निभावतात. नसेच्या दुखण्यासाठी सर्रास लिहिले जाणारे प्रीगॅबालिन 2017 च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत सायटिकेवर नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही, उलट गरगरणे वाढले. वजन लावून कंबर ताणण्याचा उपयोगही फारसा सिद्ध झालेला नाही. मणक्याजवळ दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काहींना थोडे आठवडे उसंत मिळते.

कळ दीड-दोन महिन्यांनंतरही असह्य राहिली किंवा शक्ती घटू लागली तर सरकलेला तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया करतात. तिने पायाची कळ लवकर थांबते. पण 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेले आणि थांबून राहिलेले असे दोन्ही गट वर्षअखेरीस जवळजवळ सारखेच बरे झालेले आढळले. थांबलेल्यांपैकी काहींना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही खरे. तुकडा काढल्यावरही चकती तीच राहते आणि काहींमध्ये तेथूनच पुन्हा गर सरकतो.

म्हणून वारंवार येणाऱ्या सायटिकेचा खरा इलाज दोन झटक्यांमधल्या दिवसांत होतो. उठल्यानंतरचा पहिला तासभर खोल वाकू नये; बादली किंवा पोते उचलताना गुडघ्यात वाकावे, ओझे अंगालगत धरावे आणि उचलताना कंबर पिळू नये. सलग बसणे हा वाकण्याइतकाच त्रासदायक भाग आहे. ट्रक-बसचालकांना त्यात हादऱ्यांची भर पडते, म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहून चार पावले टाकावीत. कंबरेचा पट्टा झटक्याच्या दिवसांपुरता ठीक. धूम्रपानाने चकतीचे पोषण घटते, तेव्हा ते सोडावे. लाकडी फळीवर झोपण्याचा उपदेश मात्र टिकलेला नाही. कंबरदुखीच्या रुग्णांवरील 2003 च्या स्पेनमधील चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम गादी सरस ठरली.

रोजचे चालणे आणि पोट, पाठ व नितंब यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम यांना पर्याय नाही. कोणता व्यायाम आपल्याला मानवतो हे ओळखण्याची एक खूण न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या पद्धतीतून रूढ झाली आहे. व्यायाम करताना कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून नितंबात अशी वर सरकत असेल, तर कंबर थोडी अधिक दुखली तरी तो चालू ठेवावा. कळ पायात खाली उतरू लागली की तेथेच थांबावे.