पीएचपी ८.१ आणि ८.२: एव्हीआयएफ ओळखणे आणि मोजणे

नागपुरात आयटी पार्कपासून धरमपेठेतल्या दोन टेबलांच्या ऑफिसांपर्यंत वेबसाइटसाठीच्या पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर काम करणाऱ्यांच्या तोंडी एक सरधोपट वाक्य असते: 'एव्हीआयएफ ८.१ पासून चालते.' एव्हीआयएफ हा चित्रांच्या फाइलचा एक प्रकार आणि ८.१ ही पीएचपीची आवृत्ती. हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि फोटोची रुंदी-उंची तपासणारा कोड नेमका उरलेल्या अर्ध्यावर आपटतो.

जेपेग आणि पीएनजीबद्दल सांगण्यासारखे काही नाही. वेबपी हा चित्रांचा प्रकारही चित्राची रुंदी-उंची सांगणाऱ्या गेटइमेजसाइझ या फंक्शनला ७.१ पासून कळते, तेव्हा तो प्रश्न जुना झाला.

एव्हीआयएफचे तसे नाही. ८.० पर्यंत हे फंक्शन अशा फाइलसाठी सरळ फॉल्स, म्हणजे 'नाही', देते आणि फाइल दारातच अडते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ८.१ मध्ये ते फाइल ओळखते, माइम टाइप, म्हणजे फाइलच्या प्रकाराचे नाव, हेही बरोबर सांगते, पण रुंदी ० आणि उंची ० कळवते. खरे माप मिळते ते डिसेंबर २०२२ च्या ८.२ पासून. म्हणजे ८.१ मध्ये भरलेला अ‍ॅरे (मूल्यांची यादी) हाती येत असल्यामुळे 'फॉल्स आला का' ही तपासणी पार पडते, आणि 'रुंदी २००० पेक्षा जास्त नको' ही अटही पार पडते, कारण शून्य २००० पेक्षा लहानच असते. मग कोणी ८००० बाय ६००० चा फोटो चढवला, की फाइल एमबीच्या हिशेबात किरकोळ असली तरी पीएचपीच्या जीडी या चित्रांच्या लायब्ररीने ती उघडायला घेताच प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट याप्रमाणे १९ कोटी बाइटांहून अधिक मेमरी लागते. रुंदीला उंचीने भागणारा कोड निदान शून्यापाशी एरर टाकून थांबतो. मला ते वागणे अधिक प्रामाणिक वाटते.

फक्त कमाल मर्यादा लिहून किमान मर्यादा सोडून देण्याची सवय मला मुळीच खपत नाही. रुंदी किंवा उंची १ पेक्षा कमी असेल तर फाइल नाकारावी आणि ही अट प्रत्येक आवृत्तीत ठेवावी, कारण आपल्या मशीनवर ८.२ आणि क्लायंटच्या शेअर्ड होस्टिंगवर ८.१ हा प्रकार नेहमीचाच आहे. ८.१ वर अडकलेल्यांनी एव्हीआयएफ स्वीकारूच नये. आधी चित्र उघडून मग माप घ्यावे, असा सल्ला दिला जातो खरा, पण त्यात जी मेमरी वाचवायची तीच आधी खर्च होते.

मोबाइलवर उभा काढलेला जेपेग फोटो आडव्या मापाचा निघतो, त्याचा दोष मात्र आवृत्तीला देऊ नये. एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेल्या माहितीत, नोंदलेली दिशा हे फंक्शन कोणत्याच आवृत्तीत विचारात घेत नाही.