विकलं न गेलेलं तिकीट आणि वापरलं न गेलेलं तिकीट

ऑक्टोबरातला शनिवार, सकाळचे अकरा. अमेरिकेत एमएसच्या पहिल्या सत्रात आम्ही तिघा रूममेटांनी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे हंगामभराचे विद्यार्थी-पास काढले होते. पहिल्या दोन सामन्यांना हौसेने गेलो. तिसऱ्याच्या आदल्या रात्री असाइनमेंट जमा करता करता पहाटेचे चार वाजले, आणि तो सामना आम्ही घरीच, पोहे खात टीव्हीवर पाहिला. समालोचक सांगत होता, आज एकही तिकीट शिल्लक नाही. तेवढ्यात कॅमेरा वर गेला आणि विद्यार्थ्यांचा कोपरा दिसला. वरच्या पंधरा-वीस रांगांमधली ॲल्युमिनियमची बाकडी उन्हात चकाकत होती. त्यातल्या तीन जागा आमच्या होत्या. त्यांचे बारकोड आमच्या फोनमध्ये होते.

समालोचक खोटं बोलत नव्हता. तिकिटं खरंच संपली होती, माणसं आली नव्हती. तेव्हापासून ‘कॉलेज फुटबॉलची मैदानं ओस पडताहेत’ अशी बातमी वाचली की मी आधी एवढंच बघतो, की बातमी कोणत्या रिकाम्या जागेबद्दल आहे. लांबून दोन्ही जागा सारख्याच दिसतात. पण एक रिकामी असते कारण तिचं तिकीट कुणी घेतलंच नाही, आणि दुसरी रिकामी असते कारण तिकीट घेणारा फिरकला नाही. या दोन दुखण्यांचं मूळ वेगळं, औषध वेगळं. कधी कधी तर एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं.

फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, हाताने फेकायचा लांबट चेंडूचा. आणि संघ व्यावसायिक लीगचे नाहीत, विद्यापीठांचे. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला किती माणसं असतात हे माहीत असलेल्याला तिथले आकडे पटकन पचत नाहीत. ॲन आर्बरमधल्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. टस्कलूसातलं अलाबामाचं स्टेडियमही एक लाखाचं. कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटातल्या विद्यापीठांच्या सामन्यांची सरासरी उपस्थिती २००८ मध्ये ४६,९७१ होती. २०१८ पर्यंत ती ४१,८५६ वर आली, १९९६ नंतरची सर्वांत कमी. ‘मैदानं ओस’ची बरीचशी चर्चा या घसरणीवरच होते.

घोटाळा सुरू होतो तो या आकड्यापासूनच. वर्तमानपत्रात छापून येते ती जाहीर उपस्थिती. बहुतेक ठिकाणी तिचा अर्थ विकलेली आणि वाटलेली तिकिटं असा असतो. काही विद्यापीठं त्यात बँडवाले, कर्मचारी, पत्रकार, खाद्यपदार्थ विकणारे अशी मैदानात असलेली सगळी माणसंही धरतात. दाराशी बारकोडवर ‘टीं’ करून उमटणारी संख्या वेगळी असते, आणि ती विद्यापीठं आपणहून क्वचितच सांगतात. सरकारी विद्यापीठांना माहिती अधिकारासारखे कायदे लागू आहेत म्हणून पत्रकार अर्ज करून ती मिळवतात. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१७ च्या हंगामाची अशी माहिती गोळा केली, तेव्हा दारात स्कॅन झालेली तिकिटं जाहीर उपस्थितीच्या सरासरी ७१ टक्केच भरली. म्हणजे छापलेला आकडा ६०,००० असेल, तर आत आलेले साधारण ४२,६००. स्कॅनचा आकडाही काटेकोर नसतो, कारण बँडवाल्यांकडे तिकीट नसतं आणि गर्दीत एखादं यंत्र अडतं. पण १०० आणि ७१ यांच्यातलं अंतर तेवढ्याने भरून निघत नाही.

म्हणून ४६,९७१ वरून ४१,८५६ ही घसरण मुख्यतः तिकीट विक्रीची आहे. तिकीट घेऊन घरी बसलेला माणूस या आकड्यात हजरच धरलेला असतो.

विकलं न गेलेलं तिकीट समजायला सोपं आहे, कारण त्याचा हिशोब रोख असतो. कनेक्टिकट विद्यापीठाचं उदाहरण मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. १ जानेवारी २०११ रोजी त्यांचा संघ ॲरिझोनात ‘फिएस्टा बोल’ खेळला. बोल म्हणजे हंगामाअखेरचा निमंत्रितांचा सामना. तो खेळायचा तर विद्यापीठाला ठरावीक तिकिटं आपल्या नावावर उचलावी लागत. कनेक्टिकटच्या वाट्याला १७,५०० आली आणि त्यांतली २,७७१ विकली गेली. उरलेल्या १४,७२९ तिकिटांचा सुमारे २९ लाख डॉलरचा भार विद्यापीठावर पडला. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं विमानभाडं, हॉटेल आणि त्यावर महागडं तिकीट, एवढं कोण करणार? जे गेले त्यांनाही पुनर्विक्रीच्या वेबसाइटवर त्याच मैदानाची तिकिटं स्वस्तात मिळत होती. विद्यापीठाचा चाहता मैदानात बसलेला, अंगात विद्यापीठाचाच टीशर्ट, पण तिकीट तिसऱ्याकडून घेतलेलं. माणूस आला तरी विद्यापीठाने उचललेलं तिकीट वहीत न खपलेलंच राहिलं.

न खपलेल्या तिकिटाची कारणंही बहुधा पैशातच सापडतात: चढा दर, पडता संघ, नाव न ऐकलेला प्रतिस्पर्धी, दूरचं मैदान. दर उतरवला, संघ जिंकू लागला, की विक्री सुधारते.

विद्यार्थ्याच्या तिकिटाचं तसं नाही. ते आधीच स्वस्त असतं. कित्येक छोट्या विद्यापीठांत तर ते वेगळं विकतच घ्यावं लागत नाही, दर सत्राच्या फीमध्ये खेळांसाठीची रक्कम धरलेली असते आणि ओळखपत्र दाखवलं की प्रवेश. आता ही जागा विकलेली म्हणायची की न विकलेली? ज्याने कधी मैदानाचं तोंड पाहिलं नाही त्यानेही तिचे पैसे भरलेले आहेत. फी भरताना तपशील न पाहिल्यामुळे आपण फुटबॉलसाठी पैसे देतोय हे आपल्याकडून गेलेल्या बऱ्याच मुलांना दुसऱ्या वर्षापर्यंत कळत नाही. जे खिशातून गेल्याचं जाणवलंच नाही, ते वाया गेल्याची हळहळही वाटत नाही. विद्यार्थ्यांच्या रिकाम्या जागांमागचं एक मोठं कारण मला हेच दिसतं.

‘वॉल स्ट्रीट जर्नल’नेच २०१४ मध्ये सुमारे पन्नास सरकारी विद्यापीठांकडून विद्यार्थ्यांचे आकडे मिळवले होते. २००९ पासून विद्यार्थ्यांची सरासरी उपस्थिती ७.१ टक्क्यांनी उतरली होती. जॉर्जिया विद्यापीठाचा संघ त्या काळात देशातल्या नावाजलेल्या संघांपैकी होता, तिकिटांना गिऱ्हाइकांचा तोटा नव्हता, तरी चार हंगामांत विद्यार्थ्यांसाठी राखलेला भाग सरासरी ३९ टक्के रिकामा राहिला होता. तिकीट खपत नसल्याने ही बाकडी रिकामी होती असं कुणालाच म्हणता येणार नव्हतं.

मग मुलं का येत नाहीत? मी त्या मुलांमधलाच एक होतो, म्हणून सांगू शकतो. सामन्याची वेळ विद्यापीठ ठरवत नाही, टीव्ही वाहिनी ठरवते. शुक्रवारची रात्र जागवलेल्या मुलाला सकाळी अकराला बाकड्यावर बसवायचं म्हणजे साडेनवाला अंथरुणातून काढायचं. दक्षिणेत सप्टेंबरात तीच ॲल्युमिनियमची बाकडी हात लावू देत नाहीत इतकी तापतात. मोठी विद्यापीठं हंगामाच्या सुरुवातीला छोट्या संघांना पैसे देऊन बोलावतात, असा सामना मध्यंतरापर्यंतच निकाली निघतो. जाहिरातींसाठी खेळ सारखा थांबतो, घरी तेवढ्यात दुसरा सामना लावता येतो. आणि मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये सकाळपासून ग्रिलवर बर्गर भाजत, गाणी लावून जी जत्रा भरते तिथेच कित्येकांचा दिवस भरून पावतो. तिकीट खिशातच राहतं.

या दुखण्यावर दर उतरवून उपयोग नाही हे अलाबामाने ओळखलं. तिथे संघ सतत जिंकत होता. प्रशिक्षक निक सेबन यांची तक्रार होती की मुलं मध्यंतरानंतर निघून जातात. २०१९ मध्ये विद्यापीठाने एक ॲप आणलं. फोन मैदानात असल्याचं ते टिपायचं. सामन्याला आलात तर १०० गुण, चौथ्या म्हणजे शेवटच्या सत्रापर्यंत थांबलात तर आणखी २५०. गुण जास्त त्याला हंगामाअखेरच्या मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत प्राधान्य. विद्यार्थी कुठे आहे यावर फोनवरून नजर ठेवणं मला पटत नाही, आणि तेव्हाही खासगीपणाबद्दल बरंच लिहिलं गेलं. पण निदान बरोबर होतं. तिकीट खपतं आहे, बसायला माणूस हवा आहे, म्हणून बक्षीस खरेदीला न देता बसण्याला दिलं.

दोन्ही दुखणी एकाच ठिकाणी, एकापाठोपाठ पाहायची असतील तर मिशिगनकडे बघावं. तिथे हजारो विद्यार्थी तिकीट असून येत नव्हते किंवा सामना अर्ध्यावर आला की येत होते. २०१३ मध्ये प्रशासनाने विद्यार्थ्यांच्या ठरलेल्या जागा रद्द केल्या. जो आधी येईल तो पुढे बसेल. वापरल्या न जाणाऱ्या तिकिटावरचा हा उपाय कागदावर अगदी चोख होता. पण चौथ्या वर्षाच्या मुलांना तीन वर्षं वाट पाहून खालच्या रांगा मिळणार होत्या, त्या गेल्या. मित्रांचा घोळका एकत्र बसेल याची खात्री राहिली नाही. पास २९५ डॉलरचा. विद्यार्थी बिथरले. पुढच्या वर्षी ठरलेल्या जागा परत आणल्या, पण मन उडालं होतं, शिवाय २०१४ मध्ये ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट, नोटर डेम या विद्यापीठांविरुद्धचे तिन्ही मोठे सामने परगावी होते. विद्यार्थी-पासांची विक्री एका वर्षात एक तृतीयांशाहून जास्त कोसळली. जे तिकीट आधी निदान खपत तरी होतं, ते आता खपेनासं झालं.

त्या सप्टेंबरात कोकच्या दोन बाटल्यांवर मिनेसोटाविरुद्धच्या सामन्याची दोन तिकिटं देण्याची योजना निघाली. ७५ डॉलरचं तिकीट तीन डॉलरच्या खरेदीवर. गवगवा झाल्यावर ती मागे घेतली गेली. क्रीडा संचालक डेव्ह ब्रँडन यांनी ३१ ऑक्टोबर २०१४ ला राजीनामा दिला. त्यामागे पराभव होते, डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला खेळवल्याचं प्रकरण होतं, आणि विद्यार्थ्यांचा हा रागही होता. २०१५ साठी विद्यार्थी-पास १७५ डॉलरवर आणला. आणि या सगळ्या काळात जाहीर उपस्थिती? दर घरच्या सामन्याला एक लाखाच्या वर. ८ नोव्हेंबर १९७५ पासूनची ती परंपरा त्या वर्षीही तुटली नाही. छापील आकडा वाचणाऱ्याला तिथे काही बिघडलंय याचा पत्ताच लागला नसता.

आकडा फुगवण्याला नियमाचंही निमित्त होतं. वरच्या गटात राहायचं तर घरच्या सामन्यांची सरासरी उपस्थिती दोन वर्षांत एकदा तरी १५,००० भरली पाहिजे, अशी अट कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने घातली होती. पण ती प्रत्यक्ष आलेल्या माणसांनी भरा किंवा पैसे मोजून घेतलेल्या तिकिटांनी, दोन्ही चालत असे. त्यामुळे छोट्या विद्यापीठांना माणसं आणण्यापेक्षा कुणाला तरी घाऊक तिकिटं खपवणं सोपं पडायचं. २०२३ मध्ये ही अट काढून टाकली, ते चांगलंच झालं.

दोन्हींत जास्त काळजीचं कोणतं, असं मला विचाराल तर वापरलं न गेलेलं. खजिनदाराचं मत उलट असेल, कारण त्याचे पैसे तर आले आहेत. पण वीस वर्षांचा मुलगा आज रिकामं सोडतो ते बाकडं चाळिशीत स्वतःच्या मुलांना घेऊन भरायला येईलच असं नाही. शनिवारची सवय कॉलेजातच लागते. मैदानाचा आवाजही विद्यार्थ्यांच्याच कोपऱ्यातून उठतो, बँड तिथेच वाजतो, प्रतिस्पर्ध्याला ओरडा ऐकू येतो तो तिथूनच. महागड्या जागांवरचे दानशूर माजी विद्यार्थी बसून टाळ्या वाजवतात.

लिंकनमधलं नेब्रास्काचं स्टेडियम सुमारे ८५ हजारांचं. कोविडमुळे प्रेक्षकांविना झालेला २०२० चा हंगाम सोडला, तर ३ नोव्हेंबर १९६२ पासून तिथला एकही सामना हाऊसफुल्लच्या पाटीशिवाय झालेला नाही, २०२४ मध्ये असे सलग ४०० सामने पुरे झाले. मधली कित्येक वर्षं संघ हरत होता आणि २०२१ मध्ये ही साखळी तुटायची वेळ आली. तिकिटं उरत होती. तेव्हा देणगीदारांनी ती विकत घेतली. हिशोबात तिकिटं खपली, साखळी टिकली. एवढ्यावरच थांबले असते तर न विकलेल्या जागा फक्त न वापरलेल्या जागा झाल्या असत्या. पण विद्यापीठाने ‘रेड कार्पेट’ नावाची योजना काढून ती तिकिटं राज्यभरातल्या गरीब घरांतल्या मुलांना दिली. ज्यांच्या आईबापांना ते दर कधीच परवडले नसते, ती मुलं आपापलं तिकीट घेऊन रांगेत उभी राहिली.