निळी गोळी, छत्तीस तासांची गोळी आणि सॉर्बिट्रेट

गुहागरच्या माणसाला लिंगाच्या ताठरतेची गोळी हवी असली तर तो ती गुहागरात घेत नाही. कामानिमित्त चिपळूणला गेला की बाजारपेठेतलं एखादं अनोळखी मेडिकल गाठतो, गिऱ्हाईक कमी झाल्यावर हळू आवाजात मागतो. देवगडचा माणूस कणकवलीला जातो, मालवणचा कुडाळला. गावातला मेडिकलवाला ओळखीचा, त्याची बायको आपल्या बायकोच्या बचत गटात, आणि डॉक्टर तर वडिलांच्या वेळेपासूनचे घरचे. त्यामुळे लिंगाला ताठरता येत नाही, किंवा येते पण टिकत नाही, ही तक्रार डॉक्टरांच्या कानावर जाण्याआधीच गोळी खिशात येते. मात्रा ठरलेली नसते, बाकीची औषधं कोणती चालू आहेत हे कुणी विचारलेलं नसतं. ही औषधं शेड्यूल एच मधली आहेत, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. या नियमामागे ठोस कारण आहे. ते पुढे सांगतो, कारण ते कळायला आधी गोळी शरीरात काय करते ते कळायला हवं.

जगात मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या गोळ्या चार. सिल्डेनाफिल, टॅडालाफिल, व्हार्डेनाफिल आणि ॲव्हानाफिल. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये बहुतेक वेळा पहिल्या दोनच दिसतात, वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी. पाकिटावरचं मोठं नाव काहीही असो, खाली बारीक अक्षरांत यांपैकीच एक नाव असतं. वाचायचं ते तेच.

मनात इच्छा जागी झाली किंवा स्पर्श झाला की लिंगातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. त्यामुळे स्नायूंच्या पेशींत सायक्लिक जीएमपी नावाचं रसायन तयार होतं, स्नायू सैलावतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त आत भरतं. शरीरात हे रसायन तोडणारं एक विकरही असतं, पीडीई-५. पोफळीच्या आगरात पाटाचं तोंड उघडलं की पाणी आळ्यात शिरतं. पण मागून कुणी ते तोंड लगेच बुजवत राहिला तर आळं भरत नाही. पीडीई-५ हा तो बुजवणारा, आणि चारही गोळ्या त्याचा हात धरून ठेवतात. पाटाचं तोंड उघडायचं काम मात्र त्या करत नाहीत. इच्छा, जवळीक, स्पर्श यांशिवाय गोळी घेऊन बसलं तर काही होत नाही. ही गोळी वासना वाढवते हा समज चुकीचा आहे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक फारच कमी असल्यामुळे इच्छाच होत नसेल, तर तिथे ही गोळी एकटी पुरी पडत नाही.

नायट्रिक ऑक्साइड शरीरात निरोप्याचं काम करतो, या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी, २७ मार्चला, अमेरिकेत सिल्डेनाफिलला परवानगी मिळाली होती. ते मुळात हृदयासाठी शोधलेलं औषध. इंग्लंडमधल्या सँडविच गावी फायझर कंपनीचे शास्त्रज्ञ छातीतल्या कळेवर उपाय शोधत होते. कळेवर त्याचा फारसा उपयोग दिसला नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी एक वेगळाच परिणाम सांगितला. त्यांनी तो लाजून दडपला असता तर हे औषध तिथेच संपलं असतं. आपल्याकडे २००५ पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, म्हणून भारतीय कंपन्यांनी फायझरची मूळ निळी गोळी, व्हायग्रा, इथे येण्याआधीच सिल्डेनाफिल बनवून विकायला घेतलं. आज ते तालुक्याच्या गावी स्वस्तात मिळतं ते त्यामुळे.

आता तुलना. ‘सगळ्यांत जोरदार कोणती?’ हा प्रश्न मेडिकलच्या काउंटरवर नेहमी विचारला जातो. पण ताकदीच्या बाबतीत या चौघींत फार फरक नाही. सिल्डेनाफिलच्या १९९८ च्या मोठ्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांचे ६९ टक्के प्रयत्न यशस्वी झाले, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांचे २२ टक्के. बाकीच्या तिघींचे निकालही साधारण याच पट्ट्यातले आहेत. फरक आहे तो वेळेचा, जेवणाशी पटण्या-न पटण्याचा आणि त्रासाच्या प्रकाराचा.

सिल्डेनाफिल घेतल्यावर साधारण तासाभराने रक्तात सर्वाधिक असतं, आणि दर चार तासांनी त्याचं प्रमाण निम्मं होत जातं. म्हणजे हाताशी चारेक तासांचा वेळ. जेवण तेलातुपाचं असेल तर मात्र गणित बिघडतं. औषध रक्तात पोचायला सुमारे तासभर जास्त लागतो आणि त्याची पातळीही कमी राहते. गटारीला किंवा शिमग्यात दुपारी कोंबडी-वडे हाणून, वर माडी घेऊन, मग गोळी घेतली आणि ‘काही झालं नाही’ म्हणून दुसरी घेतली, असं करणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो की दुसरी गोळी घेऊ नका. पहिली अजून पोटातच असते. दिवसात एकच मात्रा, हा नियम आहे. दारू जास्त झाली तर ताठरता मुळातच कमी होते, आणि दारू व गोळी दोन्ही रक्तदाब उतरवतात.

व्हार्डेनाफिलची चाल बरीचशी सिल्डेनाफिलसारखी, जड जेवणाने तीही मंदावते. मात्र हृदयाच्या ठोक्यांतल्या अनियमिततेवर अमिओडॅरोन किंवा सोटॅलॉल चालू असेल तर ती टाळतात. ॲव्हानाफिल या चौघींत सगळ्यांत नवी, २०१२ ची. अर्ध्या तासाच्या आत, काहींना पंधरा मिनिटांतच गुण येतो, एवढी तिची खासियत.

टॅडालाफिलबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण कोकणातल्या संसाराच्या घडीला ती अनेकदा जुळते. तिचं प्रमाण निम्मं व्हायलाच साडेसतरा तास लागतात, म्हणून परिणाम छत्तीस तासांपर्यंत राहू शकतो. याचा अर्थ छत्तीस तास ताठरता राहते असा मुळीच नाही. त्या काळात इच्छा झाली तर शरीर साथ देतं, एवढाच. जेवणाचा तिच्यावर परिणाम होत नाही. शुक्रवारी रात्री दादरहून तुतारी एक्स्प्रेस पकडून शनिवारी गावी पोचणाऱ्या आणि रविवारी परतणाऱ्या चाकरमान्याला घड्याळाकडे बघत बसावं लागत नाही. बोटीवरून काही महिन्यांच्या सुट्टीवर आलेल्या खलाशाला डॉक्टर दुसरा पर्यायही देऊ शकतात, रोज ठरावीक वेळी अडीच किंवा पाच मिलिग्रॅमची छोटी गोळी. पाचेक दिवसांत रक्तातली पातळी स्थिर होते आणि मग ‘गोळी कधी घ्यायची’ हा विचारच उरत नाही. प्रोस्टेट वाढल्याने रात्री तीन-चार वेळा लघवीला उठणाऱ्या पुरुषांना पाच मिलिग्रॅमच्या रोजच्या गोळीने त्या त्रासातही आराम पडतो. २०११ पासून त्या कारणासाठीही तिला अमेरिकेत परवानगी आहे. फक्त प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखं औषध आधीच चालू असेल तर दोन्हींमुळे रक्तदाब उतरून उभं राहताना चक्कर येऊ शकते. हे डॉक्टरांना माहीत असायलाच हवं.

त्रास बहुतेकांना सौम्य होतात. डोकं दुखणं, चेहरा तापणं, नाक चोंदणं, पित्त. सिल्डेनाफिलने काहींना थोडा वेळ सगळं निळसर दिसतं, कारण डोळ्याच्या पडद्यात पीडीई-५ ची बहीण पीडीई-६ असते आणि गोळी तिलाही थोडी अडवते. टॅडालाफिलने काहींची कंबर, मांड्या दुखतात. ताठरता चार तासांपेक्षा जास्त टिकून दुखू लागली, किंवा अचानक दिसेनासं वा ऐकू येईनासं झालं, तर लाज बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठायचं. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरचं इट्राकोनॅझोल यांनी गोळी यकृतात मोडली जात नाही आणि रक्तात साचते. नायट्याच्या साथीत इट्राकोनॅझोल हल्ली घरोघरी असतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आणि आता चिठ्ठीच्या नियमामागचं ते कारण. आपल्याकडे हृदयविकार झालेल्या अनेकांच्या खिशात सॉर्बिट्रेटची छोटी पट्टी असते. छातीत कळ आली की एक गोळी जिभेखाली. सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीन ही नायट्रेट जातीची औषधं शरीरात नायट्रिक ऑक्साइडच सोडतात. म्हणजे एकीकडे सायक्लिक जीएमपी भराभर तयार होतं, आणि दुसरीकडे ते तोडणारं विकर आपल्या गोळीने बंद केलेलं असतं. साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, रक्तदाब कोसळतो, आधीच उपाशी असलेल्या हृदयाला रक्त मिळेनासं होतं. माणूस यात जाऊ शकतो. निकोरँडिल हे हृदयरोगात दिलं जाणारं औषधही याच वर्गात धरायचं. सिल्डेनाफिल किंवा व्हार्डेनाफिल घेतल्यावर निदान चोवीस तास नायट्रेट द्यायचं नसतं, टॅडालाफिलनंतर निदान अठ्ठेचाळीस तास. शनिवारी सकाळी घेतलेली टॅडालाफिल रविवारी रात्रीही शरीरात आहे. चाकरमान्याला सोयीची वाटणारी लांबण इथे धोक्याची ठरते.

ज्यांना नायट्रेट नियमित चालू आहे त्यांनी यांपैकी कोणतीही गोळी घ्यायची नाही. ज्यांना चालू नाही, पण गोळी घेतल्यावर छातीत दुखायला लागलं, त्यांनी शेजाऱ्याने मायेने पुढे केलेलं सॉर्बिट्रेट घ्यायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि आलेल्या डॉक्टरांना गोळीचं नाव आणि घेतल्याची वेळ सांगायची. आणि हे बायकोला माहीत हवं, कारण त्या क्षणी नवऱ्याला बोलता येईलच असं नाही. चिपळूणहून गुपचूप आणलेली पट्टी कपाटात कपड्यांखाली दडवून ठेवणाऱ्याच्या घरी ही माहिती कोण देणार? या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला.

डॉक्टरांकडे जाण्याचं दुसरं कारणही हृदयाचंच. लिंगातल्या धमन्या एक-दोन मिलिमीटर रुंद, हृदयाच्या तीन-चार. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांनी धमन्यांचं अस्तर बिघडायला लागलं की अरुंद धमनी आधी तक्रार करते. हृदयविकाराची लक्षणं दिसण्याआधी दोन ते पाच वर्षं ताठरतेचा त्रास सुरू झालेला असतो, असं अनेक रुग्णांत आढळलं आहे. म्हणून चाळिशी-पन्नाशीत हळूहळू सुरू झालेल्या या तक्रारीवर चांगला डॉक्टर आधी रक्तदाब बघतो, साखर, लिपिड तपासतो, गरज वाटली तर ईसीजी काढतो. पहाटे झोपेत ताठरता येते का, हेही विचारतो. येत असेल तर नसा-धमन्या बऱ्यापैकी शाबूत आहेत, कारण मनाच्या ताणात असण्याची शक्यता जास्त. संबंधांचा हृदयावरचा ताण साधारण दोन जिने भरभर चढण्याइतका असतो. घराकडची पाखाडी न थांबता चढता येत असेल, छातीत दुखत नसेल, तर बहुतेक पुरुषांना तो झेपतो. पाखाडीच्या निम्म्यावर छाती आवळून येत असेल, तर गोळीच्या आधी हृदयाची तपासणी.

मधुमेही पुरुषांत गोळीचा गुण थोडा कमी येतो, कारण तिथे नसाही दुखावलेल्या असतात. १९९९ मधल्या एका चाचणीत सिल्डेनाफिल घेणाऱ्या ५६ टक्के मधुमेहींना सुधारणा जाणवली, साखरेच्या गोळीवर १० टक्क्यांना. निम्म्याहून अधिकांना उपयोग, ही लहान गोष्ट नव्हे.

मुंबई-गोवा महामार्गालगतच्या तंबूंत आणि एसटी स्टँडच्या भिंतींवरच्या जाहिरातींत ‘जडीबुटीने कायमचा इलाज’ मिळतो. लैंगिक ताकदीच्या औषधांची अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. अशा ‘वनौषधी’ पुड्यांत सिल्डेनाफिल मिसळलेलं असल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार उघड केलं आहे. म्हणजे सॉर्बिट्रेटवाला माणूस ‘नैसर्गिक’ म्हणून जे घेतो त्यातही तीच गोळी असू शकते, आणि तीही मात्रा माहीत नसलेली. र. धों. कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. लैंगिक आरोग्यावर उघड बोलणारं मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये वारले तोवर, खटले सोसून चालवलं. त्यांच्याच किनाऱ्यावर आज हा धंदा चालतो, याचं मला फार वाईट वाटतं.

एका गोळीने एकदा गुण आला नाही म्हणून ती निकामी ठरत नाही. रिकाम्या किंवा हलक्या पोटी, योग्य वेळ देऊन, डॉक्टरांनी मात्रा वाढवून सहा-आठ वेळा बघितल्यावरच निष्कर्ष काढतात. सिल्डेनाफिल सहसा ५० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, पासष्टीपुढे किंवा मूत्रपिंड-यकृत कमजोर असेल तर २५ पासून. पाकिटावर डॅपॉक्सेटीन हे नाव जोडीला दिसलं तर ते शीघ्रपतनाचं औषध आहे. तक्रार तीच नसेल तर ते मिश्रण घेण्यात अर्थ नाही, शिवाय त्याने भोवळ येऊ शकते.

खरोखरच गोळ्या चालल्या नाहीत किंवा नायट्रेटमुळे घेताच येत नसल्या, तर निर्वात पंप आहे, लिंगात स्वतः घ्यायचं अल्प्रोस्टॅडिलचं इंजेक्शन आहे. यूरॉलॉजिस्ट पहिल्यांदा समोर बसवून शिकवतात. त्यापुढे शस्त्रक्रियेने बसवायचं रोपण. रोपण झालेल्यांत समाधानी पुरुषांचं प्रमाण चांगलं असतं, पण त्यात आतल्या स्पंजासारख्या ऊती कायमच्या बदलतात, पुन्हा मागे येता येत नाही, म्हणून ते सगळ्यांत शेवटी ठेवतात.