जखमेवरची गाठ, एका पायाची सूज : डॉप्लर तपासणीला येणाऱ्यांसाठी माहिती

ऊसतोडीत कोयता लागणे आपल्या बीड-धाराशिवकडे नवे नाही. घाव शिवला, टाके निघाले, जखम भरली. मग काही दिवसांनी, कधी महिन्यांनी, तिथेच गाठ येते. ठणकते म्हणून घरचे गळू समजतात.

त्या गाठीवर हलकेच बोट ठेवून पाहा. नाडीसारखी उडत असेल, तर धमनीला पडलेल्या छिद्रातून बाहेर आलेल्या रक्ताची ती पिशवी असू शकते. तिला चीर दिली तर रक्त आवरत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, फोडू नका, शेकू नका, आधी डॉप्लर, म्हणजे रक्तवाहिनीतला प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करा. आत रक्त गोठले असेल तर गाठ उडतही नाही, त्यामुळे घावावरची कुठलीही गाठ तपासूनच घ्यावी. बोटाखाली सतत थरथर जाणवली तर धमनी आणि नीला एकमेकींना जोडल्या गेल्याची शंका घेतो.

पडद्यावर अशा पिशवीत लाल-निळा रंग गरगरताना दिसतो : रक्त आत येते, परत जाते. अँजिओग्राफीसाठी जांघेतल्या धमनीत नळी घातल्यावर तिथे झालेली पिशवी बऱ्याचदा थ्रोम्बिन या रक्त गोठवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनने बंद होते. कोयत्याच्या घावाला मात्र बहुधा ऑपरेशन किंवा आवरण असलेला स्टेंट (धमनीच्या आत बसवायची जाळीची नळी) लागतो.

दुसरी गोष्ट एका पायाच्या सुजेची. पोटरी दुखते, कडक होते, आणि घरात तेल लावून चोळणे सुरू होते. कृपा करून चोळू नका. खोल शिरेत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक धाप, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त, यांपैकी काहीही झाले तर आमच्याकडे न येता १०८ ला फोन करा.

मार लागलेला नाही, प्रवास नाही, तरी गुठळी झाली, किंवा कधी पायात, कधी हातात अशी जागा बदलत राहिली, तर कॅन्सरचा विचार करावा लागतो. फ्रान्सचे डॉक्टर ट्रूसो यांनी हा संबंध १८६५ मध्येच मांडला होता. स्वादुपिंड, जठर, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हे जास्त आढळते. म्हणजे प्रत्येक गुठळी कॅन्सरची नव्हे; घाबरून जाऊ नका, पण वजन घटले, भूक गेली असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. कॅन्सरच्या पेशंटला रक्त पातळ करणारे औषध साधारण किमान सहा महिने चालते. सूज उतरली म्हणून ते मनाने बंद करू नका.

पायाच्या डॉप्लरला उपाशीपोटी यायची गरज नाही, सुई टोचत नाही. जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणा.