महाडचा सत्याग्रह

महाड (तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड जिल्हा) येथील चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 1927 मध्ये झालेला लढा. चळवळ कशी उभी राहते, हे समजून घ्यायला महाराष्ट्रात याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

हक्क कागदावर आधीच आला होता. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये तळे खुले केले. तरी तिथे जाण्याची कोणाची छाती होत नव्हती. मुसलमान, ख्रिस्ती त्या तळ्याचे पाणी भरत, गुरेही पीत. बंदी फक्त अस्पृश्यांना.

जमीन मात्र तयार होती. या परिसरात लष्करातून निवृत्त झालेल्या महार सैनिकांची मोठी वस्ती होती. त्यांच्यातलेच गोपाळबाबा वलंगकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली होती. महाडला अस्पृश्यांची परिषद भरवण्यासाठी रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे स्थानिक तरुण झटले, अनंत चित्रे व सुरेंद्रनाथ टिपणीस हे सवर्ण कार्यकर्ते सोबत आले. मोठ्या नेत्याच्या नावामागे ही माणसे झाकली जातात, ते अन्यायाचे आहे.

19 मार्चला परिषद सुरू झाली. आलेल्यांसाठी पाणी विकत घ्यावे लागले. 20 मार्चला सगळे मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पाठोपाठ, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि परतणाऱ्यांवर लाठ्या चालल्या. पुढे सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याची ‘शुद्धी’ केली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

या माघारीने चळवळ खचली नाही, तिची मागणी खोल गेली. एप्रिलमध्येच आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक निघाले होते. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेसाठी जागा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. 25 डिसेंबरला तिथे मनुस्मृतीचे दहन झाले. प्रश्न आता एका तळ्यापुरता उरला नाही; विषमतेला धर्माचा आधार देणाऱ्या ग्रंथालाच हात घातला गेला. सनातन्यांनी न्यायालयात दावा लावून मनाई मिळवल्यामुळे पुन्हा पाणी पिण्याचा बेत मात्र तहकूब झाला.

हा दावा जवळपास दहा वर्षे चालला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध होत नाही, असे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 1937 मध्ये सनातन्यांचे अपील फेटाळले.